चेक : एका शब्दाचे कूळ आणि वहिवाट

उपस्थित श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय 'परके शब्द आणि आपली मराठी' असा ठरला असून, कोणता शब्द परका मानावा आणि कोणता आपला, हे ठरवण्याची एखादी कसोटी मी आपल्यापुढे ठेवावी अशी संयोजकांची अपेक्षा आहे. ती कसोटी मी शेवटी मांडणारच आहे. मात्र त्याआधी एकच शब्द हातात घेऊन तो मुळापासून उलगडून पाहावा, असे मला वाटते. तो शब्द म्हणजे 'चेक'. मी उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढली आणि हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकला, म्हणून त्याच्याविषयी मला विशेष आस्था आहे.

आपल्या कोल्हापुरातच हा शब्द किती रूपांनी वावरतो ते पाहा. लक्ष्मीपुरीतला व्यापारी चेक फाडतो, महाद्वार रोडवर आपण चेकचा शर्ट घेतो, एस.टी.त चेकर चढला की मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होते, गुरुजी वह्या चेक करतात, डॉक्टर चेकअपला बोलावतात, सीमेवर चेकनाका लागतो आणि ओढ्यावर चेकडॅम बांधतात. पैसे देणारा कागद, कापडावरच्या चौकड्या, तपासणी आणि अडवणूक, हे चार अर्थ एका शब्दात कसे मावले असतील? ते योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. चारही एकाच मुळावरचे फुटवे आहेत.

मुळाकडे जाण्यापूर्वी एक प्रसंग सांगायला हवा, कारण या शब्दाच्या मागे मी लागलो तो त्या प्रसंगामुळे. 1990 नंतरच्या दिवसांतील ही गोष्ट आहे. चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरवणारे 138 वे कलम 1 एप्रिल 1989 पासून लागू झालेले होते आणि त्याची धास्ती खेडोपाडी पोहोचलेली होती. आमच्या शाखेच्या एका खातेदार शेतकऱ्याने खताच्या दुकानदाराला चेक दिला होता. परंतु ऊसबिल वेळेत जमा झाले नाही आणि चेक परत गेला. नियमाप्रमाणे शाखेतून त्यांना छापील पत्र गेले : 'आपण निर्गमित केलेला धनादेश अपुऱ्या निधीअभावी अनादरित करण्यात आला आहे.' या वाक्यात 'अपुऱ्या निधीअभावी' ही सरळ चूक आहे, कारण अपुऱ्या निधीचा अभाव म्हणजे निधी पुरेसा असणे. पण ती चूक वर्षानुवर्षे छापली जात होती आणि त्या पत्राखाली सही माझी होती.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाखेत आले. साठी उलटलेली, डोक्याला पटका, हातात फडक्यात बांधलेला गुळाचा लहान रवा. खुर्चीत बसायलाही तयार होईनात. मी म्हटले, "बसा मामा." तेव्हा त्यांनी पत्राची घडी माझ्यापुढे उलगडली आणि म्हणाले, "सायेब, नातवानं वाचून दाखवलं. अनादर झालाय म्हणं. कुनी क्येला, आनि मी काय केलतं म्हनून क्येला?" दोन दिवस त्यांनी घरात कोणाशी धड बोलणे केले नव्हते. बँकेतल्या कोणाचा तरी आपल्या हातून अपमान झाला असावा, अशी त्यांची समजूत झाली होती आणि तो राग निवावा म्हणून गूळ आणलेला होता. मी म्हटले, "मामा, अनादर कोणाचा झालेला नाही. तुमचा चेक वटला नाही, एवढंच." त्यांचा चेहरा क्षणात मोकळा झाला. "आगा, मग आसं ल्ह्या की! बिल पडलं न्हाई म्हनून चेक वटला न्हाई. पडलं की भरतो." चार दिवसांत त्यांनी दुकानदाराचे पैसे चुकते केले. गुळाचा रवा मी आग्रहाने परत पाठवला.

मला त्या दिवशी जे लागले ते असे : 'धनादेश' आणि 'अनादरित' हे शब्द संस्कृतातून घडवलेले होते, म्हणून ते आपले मानले गेले, 'चेक' इंग्रजी, म्हणून तो परका. पण ज्या माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न होता त्याला आपला शब्द कळला नाही आणि परका कळला. शिवाय त्याच्या वाक्यातले क्रियापद पाहा. 'वटणे' हे हुंडीच्या व्यवहारातले जुने क्रियापद. 'वटाव' त्याच घरातला. हुंडी वटत होती तसाच चेकही वटू लागला. कोणत्याही समितीची बैठक न होता नवे नाम आणि जुने क्रियापद यांचे लग्न लागून गेले.

आता मुळाकडे येऊ. 'चेक' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'एशेक' होता, मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस', त्याआधी अरबीत आणि त्याही आधी फारसीत 'शाह', म्हणजे राजा. चतुरंगाचा खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथे त्याला 'चत्रंग' म्हणू लागले, अरबांकडे तो 'शत्रंज' झाला आणि अरबांमार्फत युरोपात शिरला. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की खेळणारा 'शाह' असे बजावत असे. 'शाह'मधला शेवटचा हकार युरोपीय कानांना ककारासारखा ऐकू आला आणि राजाचा 'चेक' झाला.

आपण बुद्धिबळाच्या पटावर त्याच क्षणी काय म्हणतो? 'शह.' म्हणजे कोल्हापुरातला मुलगा 'शह' म्हणतो आणि लंडनमधला मुलगा 'चेक' म्हणतो, तेव्हा दोघेही एकच शब्द उच्चारत असतात. एकाकडे तो फारसीतून थेट आला आणि दुसऱ्याकडे अरबी, लॅटिन व फ्रेंच अशी मजल दरमजल करत पोहोचला. 'चेकमेट' म्हणजे आपले 'शहमात'. वर्तमानपत्रात 'आजारावर मात' असा मथळा येतो तेव्हा त्यातला 'मात'ही त्याच पटावरून उठून आलेला असतो, आणि निवडणुकीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात ज्या शह-काटशहाच्या गप्पा रंगतात त्यांचे मूळही तेच आहे.

आणखी एक पायरी खाली उतरू. फारसी 'शाह'चे प्राचीन रूप 'क्षायथिय' असे होते आणि त्याचा धातू आपल्या वैदिक 'क्षत्र' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. त्याच घराण्यातून 'क्षत्रप' आला, ज्या पदवीचा नहपान गौतमीपुत्र सातकर्णीकडून पराभूत झाला. फारसी 'शहर' हा शब्दही त्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ राज्य, आणि तो 'क्षत्र'चाच इराणी अवतार आहे. म्हणजे 'क्षत्रिय', 'शहर', 'शह' आणि 'चेक' ही एकाच वाड्यातली भावंडे आहेत. 'शहर' शब्द आपण परका मानत नाही, 'शह' मानत नाही. मग विलायत फिरून आलेल्या धाकट्यालाच उंबऱ्याबाहेर का ठेवावे?

शहाने राजा पेचात येतो आणि खेळणाऱ्याची मनात योजलेली खेळी थांबते. त्यावरून इंग्रजीत 'चेक' म्हणजे अडवणे, थोपवणे. अडवून खात्री करून घेणे म्हणजे तपासणे. हा अर्थ पुष्कळ उशिरा रूढ झाला. चौकड्यांचा अर्थ मात्र वेगळ्या वाटेने, राजाकडून नव्हे तर त्याच्या पटाकडून आला. आणि ही वाट इंग्लंडच्या खजिन्यातून जाते, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब एका टेबलावर होत. टेबल 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद, त्यावर रेघांनी रकाने पाडलेले कापड अंथरलेले, आणि त्या रकान्यांत चकत्या मांडून पेन्स, शिलिंग व पौंडांची बेरीज-वजाबाकी चाले. पट बुद्धिबळासारखा दिसे, म्हणून त्या कचेरीलाच 'एक्सचेकर' हे नाव पडले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते नाव आजही आहे. त्या काळचे खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी तर लिहून ठेवले आहे की या पटावर खजिनदार आणि परगण्याचा शेरीफ यांच्यात डाव रंगतो. आता चकत्या का लागत? रोमन आकड्यांत बेरीज मांडणे अवघड, आणि शून्य असलेली आपली अंकपद्धती तिथल्या सरकारी हिशेबात अजून रुळलेली नव्हती. भारताचा खेळ तिथे पोहोचला होता, भारताचे अंक पोहोचायचे होते. आणि तोवर त्या खेळाच्या पटाने अंकांचे काम केले. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्याच कचेरीत पावती म्हणून लाकडाच्या काठ्या वापरत. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. दोन्ही भाग जुळले तरच हिशेब खरा. खजिन्यातल्या भागाला 'फॉइल' म्हणत, आणि चेकबुकात आपण ज्याला काउंटरफॉइल म्हणतो तो शब्द याच नात्यातला आहे. निकामी झालेल्या या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी लंडनच्या संसदेतील भट्ट्यांत जाळल्या गेल्या, त्या आगीत संसदेची इमारतच भस्मसात झाली. पुढे कागदाची पद्धत आली तेव्हा अफरातफर अडवणाऱ्या स्थळप्रतीला अठराव्या शतकात 'चेक' म्हणू लागले आणि हळूहळू ते नाव वटणाऱ्या कागदाला चिकटले. त्याच्या इंग्रजी वर्णलेखनात जे 'क्यू' हे अक्षर दिसते ते 'एक्सचेकर'च्या प्रभावाने आलेले. अमेरिकेत आजही जुने, साधे वर्णलेखन चालते.

अडवण्याच्या अर्थाविषयी एक गोष्ट कोल्हापुरात उभे राहून सांगितलीच पाहिजे. ओढ्याचे पाणी थोपवणाऱ्या बांधाला आपण चेकडॅम म्हणतो, म्हणजे शब्दशः पाण्याला दिलेला शह. पण नदीवर पाणी अडवण्याच्या ज्या पद्धतीत पावसाळा सरल्यावर खांबांमध्ये बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात, ती पद्धत अभियंत्यांच्या पुस्तकात आपल्याच गावाच्या नावाने गेली. 'के.टी. वेअर' म्हणजे 'कोल्हापूर टाइप वेअर', कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आपणही जगाला एक शब्द दिला आहे आणि तो आज इंग्रजी आद्याक्षरांत वावरतो. तो विदर्भातल्या शेतकऱ्याला परका वाटत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. वेळ थोडा उरला आहे, तेव्हा कसोटी आता थोडक्यात मांडतो.

शब्दशुद्धीचा विचार आपल्याकडे जुना आणि आदरणीय आहे. शिवकाळात राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश झाला. आपल्या राजाराम महाविद्यालयात शिकवलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. परक्या शब्दांवर इतके प्रेम केलेल्या माणसाला ते सोडताना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. त्या पिढीची तळमळ खरी होती. माझा मतभेद एवढाच की शब्दाचे कूळ हा कसोटीचा पाया होऊ शकत नाही, कारण कूळ शोधायला गेले की 'चेक'च्या तळाशी 'क्षत्र' निघतो; आणि 'वही चेक कर' ऐवजी 'वही तपास' म्हणा असा आग्रह धरावा, तर 'तपास' हा अरबीतून आलेला निघतो.

म्हणून पाया वहिवाटीचा असावा. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याचा हक्क मानला. शब्दही जो कसतो त्याचाच मानावा. त्यासाठी मी तीन गोष्टी पाहतो. शब्दाने मराठीचे प्रत्यय आणि क्रियापदे घेतली आहेत का : 'चेकवर', 'चेकने', 'चेक वटला'. ज्याच्या हिताचा प्रश्न आहे त्याला तो समजावून न सांगता कळतो का. आणि त्याच्या येण्याने घरातला धडधाकट शब्द बेघर होतो का. पहिल्या दोन प्रश्नांना बँकेतला 'चेक' पूर्णपणे उतरतो. तिसऱ्यापाशी मी वह्या 'चेक' करणाऱ्यांना थांबवीन, कारण 'तपासणे' जिवंत आहे, सर्वांना कळते आणि त्याला बाजूला सारण्याचे कारण नाही. एकाच शब्दाला एका दारातून आत घ्यावे आणि दुसऱ्या दारावर थांबवावे लागते. सरसकट निर्णय करणे सोपे असते, पण ते मला पटत नाही. 'धनादेश'ही कोणी म्हणू नये असे माझे म्हणणे नाही. तो कायद्याच्या मजकुरात राहावा; शेतकऱ्याला जाणाऱ्या पत्रात मात्र त्याच्याबरोबर 'चेक' असावा.

त्या प्रसंगानंतर छापील पत्राचा मजकूर बदलण्यासाठी मी वरच्या कार्यालयाला तीन वेळा लिहिले. उत्तर आले नाही. तेव्हा निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात मी निळ्या शाईने, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहीत असे : 'तुमचा चेक वटला नाही. शाखेत येऊन भेटा.'