खाऱ्या पाण्याचं पुस्तक

मंडळी, नमस्कार. रत्नागिरीत ग्रंथालयावर बोलायचं म्हणजे थोडं दडपण येतंच. इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. त्या मानाने आमची कॉलेजची ग्रंथालयं अगदी कालची, आणि त्यात शिरलेला कॉम्प्युटर तर आज सकाळचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमची ‘सिस्टीम’ म्हणजे एक दाखल नोंदवही आणि सागवानी कपाटातले कार्डांचे खण. जूनपर्यंत खण सुरळीत चालायचे. आषाढ लागला की लाकूड फुगायचं, ‘क ते ग’चा खण उघडायचाच नाही. मग मुलं शिपाईमामांना विचारायची आणि ते डोळे मिटून पुस्तक काढून द्यायचे. आमचा खरा कॅटलॉग ते होते. ते रिटायर झाले त्या वर्षी पुस्तकं तेवढीच होती, पण सापडणारी पुस्तकं निम्म्यावर आली.

पुढे कॉम्प्युटर आला. मोठ्या संस्थांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं, काहींनी युनेस्कोचं फुकटातलं सीडीएस-आयसिस चालवलं, बऱ्याच कॉलेजांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल बसवलं. त्या काळात आम्ही त्याच्याकडून काय मागितलं? देवघेव, दंड, बारकोड आणि मार्चअखेरची पुस्तकमोजणी. थोडक्यात, वाण्याच्या दुकानातली खतावणी. पुस्तक ही संस्थेची मालमत्ता, तिचा हिशेब लागला की आम्ही सुटलो! ऑडिटवाल्यांचं समाधान होत होतं. वाचकांचं होत होतं का, हे आम्ही फारसं विचारलं नाही.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की कोलमडणार, अशी चिन्हं होती. त्यांनी नवं लिहून घेतलं, जानेवारी २०००मध्ये सुरू केलं आणि कोणीही वापरावं म्हणून खुलं करून टाकलं. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण मी त्याला आहेर म्हणेन, कारण त्यातही परतफेडीची रीत आहे. आपण आहेर घेतला. परतफेडीचं नंतर बोलू.

खरा बदल झाला तो पुस्तक कपाटाबाहेर गेलं तेव्हा. २०१० साली एन-लिस्ट ही कॉलेजांना ई-नियतकालिकं पुरवणारी योजना आली आणि देवरुखच्या काय, कुडाळच्या काय, साध्या पदवी कॉलेजातल्या मुलाला हजारो नियतकालिकं फोनवर उघडता येऊ लागली. त्यातलं एकही आपल्या दाखल नोंदवहीत नाही. त्यावर शिक्का मारता येत नाही आणि ते कसरही खात नाही. आता सिस्टीमने हिशेब ठेवायचा तो कशाचा? आपल्याकडे काय आहे, याच्याबरोबर आपल्यामार्फत कुठवर पोहोचता येतं, हेही तिने सांगायला हवं. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाच्या पाच नियमांतला चौथा सांगितला, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या खतावणीत वेळाला रकानाच नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. मत्स्यव्यवसायाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवर मराठीत काही आहे का, म्हणाला. त्याने फोनवरून शोधलं होतं: शून्य. मला पुस्तक दिसत होतं, त्याच्या पाठीमागच्याच रॅकवर. मी माझ्या मशीनवर तोच शब्द टाकला. पुस्तक आलं. दोन्ही पडद्यांवर ‘खाऱ्या’ दिसायला तंतोतंत सारखं, तरी एकाला सापडतं आणि दुसऱ्याला नाही. मला आधी वाटलं नेटवर्क गेलं.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. हा आपला आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. दुसऱ्यात टिंबवाला ऱ, हलन्त आणि य. आपल्या डोळ्यांना एकच अक्षर, मशीनला दोन. आमच्या नोंदी एका तऱ्हेच्या, पोराचा फोन दुसऱ्या. आता विचार करा, किनाऱ्यावरची झाडं, वाऱ्यावरची वीज, दऱ्याखोऱ्यातली शेती... आडव्या र शिवाय कोकणावर पुस्तक लिहून दाखवा!

आणि हे युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या एकसारख्या संगणकी अक्षरपद्धतीतलं दुखणं. त्याआधीच्या फॉन्टांत केलेल्या नोंदी तर नव्या सिस्टीममध्ये आणल्या की निव्वळ रोमन अक्षरांचा भुसा निघतो. आम्ही चार हजार नोंदी पुन्हा हाताने टंकल्या.

नावांचंही तेच. लोकमान्य इथलेच, तरी आमच्या यादीत ते पाच जण होते: टिळक बा. गं., टिळक बाळ गंगाधर, लोकमान्य टिळक, शिवाय रोमनमधले दोघे. एक नाव प्रमाण ठरवून बाकीची त्याला बांधायची सोय सिस्टीममध्ये असते. ती आम्ही अकरा वर्षं उघडलीच नव्हती. मूल्यांकन समितीने ‘स्वयंचलन पूर्ण आहे का?’ असं विचारलं, आम्ही ‘हो’ लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण त्या प्रश्नात लोकमान्य किती, हे कोणी विचारलं नव्हतं.

बॅकअपबद्दल एकच सांगतो. आमचा बॅकअप सर्व्हरच्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात असायचा. जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, ते टीव्हीवर बघता बघता मी उठलो आणि ती डिस्क घरी आणली.

तर आहेराची परतफेड. पैशांची नाही. कोहाच्या शोधात हे दोन ‘ऱ्य’ एक धरले जावेत, प्रमाण नावांची मराठी यादी तयार व्हावी, ही कामं न्यूझीलंडवाले करणार नाहीत. त्यांना आडव्या र चं सुखदुःख नाही. ती आपल्यालाच करावी लागतील, आणि एकेका कॉलेजने करण्यासारखी नाहीत.

आता चहाची सुट्टी आहे. आपापल्या ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी, फोनवर उघडा, ‘खाऱ्या’ टाका. मग कॉलेजात फोन करून काउंटरवरच्या मशीनवर तोच शब्द टाकायला सांगा. दोन्ही आकडे या फळ्यावर लिहून ठेवा, चहानंतर तिथूनच पुढे जाऊ.