चेहरा जुळला, पुढे काय?

(दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी)

समजा, सॅटिस पुलावर एका बाईंचं मंगळसूत्र खेचलं गेलं. फुटेजमध्ये चोर दिसतो, पण वरून, तिरका, टोपीखाली अर्धा झाकलेला. हे चित्र चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं की ते पोलिसांकडच्या संग्रहातल्या फोटोंशी ताडून सर्वांत जवळच्या चेहऱ्यांची यादी देतं. खरा चोर संग्रहात नसला, तरी यादी येऊ शकते. संग्रह जितका मोठा, तितके मिळतेजुळते चेहरे जास्त.

(दृश्य: अंधुक सीसीटीव्ही चित्र)

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं प्रकरण पाहा. जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांना घरासमोर, बायको-मुलींच्या देखत अटक झाली. आरोप, दुकानातून घड्याळं चोरल्याचा. सॉफ्टवेअरने त्यांचा लायसन्सवरचा जुना फोटो पुढे केला होता. पोलिसांनी तो आणखी पाच फोटोंमध्ये ठेवून ओळख पटवून घेतली. तीही अशा व्यक्तीकडून, जिने चोरी पाहिलीच नव्हती, नुसतं फुटेज पाहिलं होतं. घोळ नेमका इथे झाला. यंत्राने निवडलेला माणूस मुळातच चोरासारखा दिसणारा असतो, मग फोटो बघणाऱ्याचं बोट त्याच्यावरच जाणार. कागदावर दोन पुरावे होतात, प्रत्यक्षात एकच चूक दोनदा मोजली जाते. विल्यम्स निर्दोष होते. त्यांनी केलेल्या खटल्यात २०२४ मध्ये तडजोड झाली, त्यानंतर तिथे केवळ अशा जुळणीवरून अटक करता येत नाही आणि ओळख पटवायला फोटोही दाखवता येत नाहीत. आधी स्वतंत्र पुरावा लागतो.

दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, की ८० टक्क्यांहून जास्त साम्य असलं की ते चेहरा जुळला असं धरतात. पण ही टक्केवारी फक्त सारखं दिसण्याची आहे, तोच गुन्हेगार असल्याची नव्हे.

हे तंत्र टाकून द्या, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. हरवलेलं पोर शोधताना वाचलेला एकेक तास मोलाचा असतो. पण आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे सारी भिस्त तपास अधिकाऱ्यावर. त्या वेळी संशयिताचा मोबाईल कुठे होता, माल हस्तगत झाला का, हे त्याने ओळख परेडच्या आधी तपासावं. कुठलं चित्र सॉफ्टवेअरला दिलं, यादीत किती जण आले, यातला हाच का निवडला, हे केस डायरीत लिहावं. आणि ती पूर्ण यादी आरोपपत्रासोबत बचावाच्या वकिलालाही मिळावी, म्हणजे यादीतल्या बाकीच्यांची चौकशी का झाली नाही, हे ठाण्याच्या न्यायालयात विचारता येईल.