जॉर्डन्स: आधी कबरी, मग छप्पर

हे दगड बघा. गुडघ्याएवढेही नाहीत. त्यातल्या एकावर कोरलंय विल्यम पेन, 1718. बस्स, नाव आणि साल. ज्याच्या घराण्याचं नाव अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाला मिळालं, त्याचा हा दगड.

आणि पेन नेमका याच दगडाखाली आहे, असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

लंडनच्या पश्चिमेला, बकिंगहॅमशायरमधलं हे जॉर्डन्स. 1671 मध्ये क्वेकरांनी इथे दफनासाठी जमीन घेतली. क्वेकर म्हणजे पाद्री न मानणारे, न्यायाधीशासमोरही टोपी न काढणारे आणि राजापासून हमालापर्यंत सगळ्यांना सरसकट ‘अरे-तुरे’ करणारे ख्रिस्ती. चर्चच्या पवित्र केलेल्या मातीचं त्यांना अप्रूप नव्हतं. पण घरच्यांखेरीज पाचांहून जास्त जण त्यांच्या उपासनेला जमले, तर कायद्याने दंड व्हायचा. त्यामुळे मेलेल्यांची सोय आधी झाली. जिवंतांना छप्पर मिळालं 1688 मध्ये, दुसऱ्या जेम्स राजाने आदल्या वर्षी बंधनं सैल केल्यावर.

हे उपासनागृह बाहेरून पाहिलं तर एखाद्या बऱ्या शेतकऱ्याचं घर वाटावं. विटांच्या भिंती, चारी बाजूंना उतरतं कौलारू छप्पर, शेजारी राखणदाराचं बिऱ्हाड. मनोरा नाही, क्रूस नाही. आतली जमीनही विटांचीच, खालीवर झालेली. बाकांवर लोक गप्प बसतात. आतून वाटलं तरच कुणी उठून बोलतं. 2005 च्या आगीत हे छप्पर जळालं. भिंती उभ्या राहिल्या आणि 2008 मध्ये दार पुन्हा उघडलं.

आता पुन्हा त्या दगडांकडे. कबरीवर दगड म्हणजे मेल्यावरही लहान-मोठं करणं, असं क्वेकरांना वाटे. 1717 मध्ये त्यांच्या लंडनच्या वार्षिक सभेने होते ते दगडही काढायला सांगितले. पुढच्याच वर्षी पेन गेला. पहिली बायको गुलिएल्मा इथे आधीपासून होती. अंध इंग्रज कवी मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवणारा टॉमस एलवूडही होता. सगळे गवताखाली, सारखेच.

साध्या, एकसारख्या दगडांना परवानगी मिळाली ती 1850 मध्ये. इथले दगड त्यानंतरचे, म्हणजे पेनला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावरचे.

1881 मध्ये पेनसिल्व्हेनियाहून जॉर्ज हॅरिसन आले. पेनच्या अस्थी त्यांना फिलाडेल्फियाला न्यायच्या होत्या. इथल्या विश्वस्तांनी नकार दिला.

आणि दिला असता होकार, तरी खणायचं कुठे?