रुंद चाक आणि जुनं मडगार्ड

मित्रहो, जुन्या स्पोर्ट्स कारला रुंद चाकं लावायची म्हटलं की सगळ्यांची नजर आधी मडगार्डच्या बाहेरच्या कडेवर जाते. बाहेर किती जागा आहे, हा पहिला प्रश्न विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. बाहेरचा पत्रा दुमडता येतो, वाढवता येतो. आत मात्र शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक, ब्रेकचा होज, चासीचा भाग असतो आणि त्यातलं काहीच सहजासहजी हलत नाही. म्हणून चाक आत कुठवर जाऊ शकतं ते आधी पक्कं करायचं, उरलेली वाढ बाहेर काढायची, आणि मग मडगार्डचं काय करायचं ते बघायचं.

हे सगळं ऑफसेटवर ठरतं. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसवतात त्याला) टेकणारा भाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते बहुधा ‘ईटी’ म्हणून मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. दुसरी गोष्ट, सहा इंची रिम म्हणजे टायर जिथे बसतो तिथली रुंदी सहा इंच. बाहेरच्या कडा धरून मोजली तर ती साधारण सात इंच भरते. हा वरचा इंच विसरला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पोर्शे 911 चं उदाहरण घेऊ, कारण त्यात हे गणित अगदी स्वच्छ दिसतं. तिच्या फुक्स कंपनीच्या 6 बाय 15 रिमचा, म्हणजे सहा इंच रुंद आणि पंधरा इंच व्यासाच्या रिमचा, ऑफसेट 36. एकूण रुंदी 178 मिमी धरली तर हबपासून आत 125 मिमी आणि बाहेर 53 मिमी. आता 7 बाय 15 घ्या, ऑफसेट 23.3. एकूण रुंदी 203, आत पुन्हा 125, बाहेर मात्र 78. आठ इंची रिमचा ऑफसेट 10.6, आणि आत? तेच 125. म्हणजे दर वेळी वाढलेला अख्खा इंच बाहेर काढलेला आहे. 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 ला मागे सात इंची चाक दिलं, तेव्हा मागची मडगार्डं फुगवावी लागली ती याच हिशेबाने. पुढे सहा इंचीच ठेवलं. टायरही बघा: पुढे 185/70, मागे 215/60, दोन्ही पंधरा इंची (पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची उंची). पुढच्याचा व्यास 640 मिमी, मागच्याचा 639. रुंदी वाढवली, उंची जवळजवळ तीच ठेवली. ज्यांना स्पीडोमीटर आणि गिअरिंग बिघडवायचं नाही त्यांनी हाच मार्ग धरावा.

रिमच्या मापावर थांबू नका, कारण घासतो तो टायर. टायरची बाजू रिमच्या कडेपेक्षा फुगलेली असते, आणि टायरवर छापलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण 5 मिमी फुगतो. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर शेजारी ठेवले तर रुंदीत आणि खांद्याच्या, म्हणजे टायरची बाजू जिथे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला मिळते त्या कडेच्या, आकारात फरक दिसतो. एकाचा खांदा गोल, दुसऱ्याचा चौकोनी. मडगार्डच्या कडेला आधी लागतो तो चौकोनी खांदाच. म्हणून जो टायर वापरणार तोच चढवून मोजा.

आता मोजायचं कसं. गाडी जमिनीवर उभी असताना बोट घालून बघणं म्हणजे मोजणं नव्हे. गाडी स्टँडवर घ्या, मागची स्प्रिंग काढा, टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी दांडी) असेल तर तो मोकळा करा. शॉक ॲब्सॉर्बर काढलात तर चाक त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतं, तेव्हा होज ताणला जात नाही ना ते पाहा. चाक लावून हबखाली जॅक द्या आणि हळूहळू वर न्या, बंप स्टॉप (चाकाला जास्त वर जाण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत. रबरी स्टॉप धक्क्यात दबतो, म्हणून त्याची साधारण निम्मी जाडी दबेल इतकं अजून वर. अरुंद फटी डोळ्याने मोजता येत नाहीत. तिथे मॉडेलिंग क्लेचे गोळे चिकटवा, चाक फिरवा, वर-खाली करा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. आत सगळ्यात तंग जागी किमान 10 मिमी सुटायला हव्यात. लीफ स्प्रिंग असेल तर बुश आणि पाटे आडवे लवतात, तिथे 15 च्या खाली जाऊ नका.

सलग मागच्या ॲक्सलची, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच अखंड दांड्यावर असतात त्याची, गंमत वेगळीच. एक चाक 50 मिमी वर आणि दुसरं 50 खाली गेलं, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 1300 मिमी असला, तर ॲक्सल साधारण साडेचार अंश कलतो. त्यामुळे टायरचा माथा ॲक्सलच्या मध्याच्या तुलनेत जवळपास 25 मिमी आडवा सरकतो. वर गेलेलं चाक माथ्याने आत झुकतं आणि खाली गेलेलं बाहेर. म्हणून बाहेरची कड बऱ्याचदा दबलेल्या चाकाला लागतच नाही. वळणावर लटकलेलं चाक परत वर येताना टायरची बाजू दुमडीत (मडगार्डच्या कडेच्या आत वळलेल्या पट्टीत) अडकते आणि एका फटक्यात चिरते. दोन्ही चाकं एकत्र वर उचलून केलेल्या तपासणीत हे कधीच दिसणार नाही. एक वर, एक खाली, मग उलट, असं करून बघाच. शिवाय पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आणि चासी जोडणारी आडवी दांडी) असेल तर ॲक्सल वर-खाली होताना वर्तुळाकार वाटेने बाजूलाही सरकतो. डावी-उजवीकडची जागा सारखी असेल असंही धरू नका. जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना काही मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो, आणि जिथे जागा कमी ती बाजू निर्णय करते.

पुढच्या चाकांबाबत माझं मत ठाम आहे: मूळ ऑफसेटच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहा. ऑफसेट जितका कमी कराल तितकंच टायर टेकण्याचं ठिकाण बाहेर जातं आणि स्टिअरिंगच्या अक्षापासूनचं अंतर वाढतं. मग ब्रेक मारला की स्टिअरिंग ओढतं, खड्ड्याचा झटका थेट हातात येतो, बेअरिंगवर ताण पडतो. पुढची तपासणी स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून आणि चाक वर दाबून, दोन्ही एकाच वेळी करायची. टायर हमखास लागतो तो मडगार्डच्या मागच्या खालच्या टोकाला किंवा अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांडीला).

स्पेसर, म्हणजे हब आणि रिममध्ये घालायची चकती, वाईट नसतो, पण त्याने स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो आटे असलेला खिळा) आखूड पडतो. नटमध्ये निदान स्टडच्या व्यासाइतकं आट्यांचं घेणं हवं: 14 मिमी आणि दीड मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर नऊ-साडेनऊ फेरे. कमी पडले तर लांब स्टड बसवा. स्पेसर हबच्या मध्यावर नेमका बसणारा असावा, एकावर एक दोन कधीच नाहीत. नटची बैठकही जुळवा. 911 च्या मूळ रिमची बैठक गोल आहे, तिथे शंकूच्या आकाराचा नट अगदी थोड्या जागेवर टेकतो आणि सैल होतो.

आता मडगार्ड. पुढेमागे 5 ते 10 मिमी कमी पडत असतील तर आतली दुमड रोलरने वळवून काम भागतं. हबला बोल्टने लावायचा रोलर मिळतो. आधी चुंबक किंवा जाडी मोजणारं यंत्र फिरवा: पुट्टी असेल तर ती फुटणारच, रंगही उचकटणार. पत्रा हीट गनने सतत हलवत तापवा, हाताला चटका बसेल इतपत, रंगाला फोड येईल इतका नव्हे. पहिल्या फेऱ्यांत 45 अंश, मग हळूहळू पूर्ण. एका दमात दाबलं तर बाहेरचा पत्रा लाटा धरतो आणि तो परत सपाट होत नाही. दुमड कापून टाकण्याचा मोह आवरा. तीच कड पत्र्याला ताठ ठेवते, आणि बाहेरचा व आतला पत्रा बऱ्याचदा तिथेच स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. वळवल्यावर आतलं जुनं सीलंट तडकतं. ते खरवडून काढा, झिंक प्रायमर, नवं सीलंट आणि वर वॅक्स द्या, नाहीतर पाणी दुमडीत साचून दोन-तीन पावसाळ्यांत कड आतून गंजते.

त्याहून जास्त जागा हवी असेल तर पत्र्याचं फ्लेअर (मडगार्डची बाहेर फुगवलेली कड) वेल्ड करा, आणि चाकावरची आतली कमानही तेवढीच वाढवून जोडा. फक्त बाहेरचा पत्रा वाढवला तर मधली फट चिखलाने भरते. थोडक्यासाठी अडलं असेल तर मागे निगेटिव्ह कॅम्बरचा, म्हणजे चाकाचा माथा आत कलवण्याचा, विचार करा: एका अंशाला टायरचा माथा साडेपाच मिमी आत येतो. पण आतली फट पुन्हा मोजा.

सगळं बसलं की कडेच्या आत मास्किंग टेप चिकटवा, टाकी भरा, माणसं बसवा आणि खडबडीत रस्त्याने, दोन्ही बाजूंच्या वळणांवरून गाडी न्या. टेप जिथे काळी पडेल किंवा फाटेल तिथे जागा कमी आहे. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. 911 ला ते 130 न्यूटन-मीटर.