सिगारेट, सोसायटी आणि टपरी: कायदा कुठपर्यंत पोचतो?

नमस्कार मंडळी.

"पैसे माझे, फुप्फुसं माझी, सरकारचा काय संबंध?" सिगारेटवरच्या बंधनांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज आपण कायद्यातल्या नियमांतूनच काढू. उदाहरणं मात्र आपल्या भागातली घेऊ: ठाणे स्टेशन, ऐरोली-महापेची आयटी पार्क, नेरूळच्या सेक्टरमधली टपरी, घोडबंदर रोडवरचे टॉवर.

प्रौढ माणसाने सिगारेट ओढणं हा भारतात गुन्हा नाही. कायदा दोनच गोष्टी विचारतो. ओढली कुठे? आणि विकली कोणी, कोणाला? तुमच्या फुप्फुसांत तो हात घालत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने न मागितलेला धूर घ्यायचा का, एवढ्यापुरताच तो मध्ये पडतो. आमच्या मते ही रेघ योग्य ठिकाणी ओढलेली आहे. घोडं अडतं ते अंमलबजावणीत, आणि ते कसं हे आता नीट बघू.

थोडी पार्श्वभूमी. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा केला, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे 'कोटपा' म्हणतात. सार्वजनिक ठिकाणांचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. आज आपण जे बोलणार आहोत त्यातलं बरंचसं या नियमांतलं आहे.

सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? जिथे लोकांची ये-जा असते ते. हॉस्पिटल, कोर्ट, सरकारी कार्यालय, शाळा-कॉलेज, बस, रिक्षा, हॉटेल, मॉल, थिएटर, बार, आणि कामाची जागासुद्धा. मोकळी जागा यातून वगळलेली आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. "डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे चालतं" हे खरं नाही. रेल्वे स्टेशन, बस स्टॉप, स्टेडियम, खुलं प्रेक्षागृह ही ठिकाणं उघडी असली तरी मोकळ्या जागेत धरायची नाहीत, असं २००८ च्या नियमांनी स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ठाणे स्टेशनच्या फलाटाचं छप्पर जिथे संपतं तिथे उभं राहून ओढलेली सिगारेटही गुन्ह्यातच येते. वाशी, बेलापूरला स्टेशनच्या मोठ्या इमारती आहेत. तिथल्या जिन्याखाली, तिकीट खिडकीच्या मागे, वरच्या कार्यालयांकडे जाणाऱ्या पॅसेजमध्येही तेच.

दंड किती? जास्तीत जास्त २०० रुपये. २००३ पासून आपल्याकडे हाच आकडा आहे. कर्नाटकाने स्वतःची दुरुस्ती करून दंड १,००० रुपयांवर आणि ग्राहकाचं किमान वय २१ वर नेलं. महाराष्ट्रात अजून २०० आणि १८ च आहे. सिगारेटच्या एका पाकिटाच्या आसपास जाणाऱ्या दंडाने कोणाचा हात थांबत नाही, हे उघड आहे.

मग कायद्यात दम कुठे आहे? जागेच्या मालकावर टाकलेल्या जबाबदारीत. हा भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो, म्हणून इथे जरा थांबू.

(स्क्रीनवर: 'धूम्रपान निषिद्ध' फलकाचं रेखाचित्र, मापांसकट)

प्रत्येक सार्वजनिक ठिकाणी फलक हवा. तो किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा. प्रवेशद्वाराशी हवा, आणि एकाहून जास्त मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी आणि लिफ्टच्या दारापाशीही हवा. त्यावर आणखी एक गोष्ट लागते: तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव. आता तुमच्या ऑफिसातला फलक आठवा. ए-४ कागदाची प्रिंट, लॅमिनेट केलेली, नावाची ओळ कोरी. असला फलक नियमात बसत नाही. नाव नसलं की तक्रार सिक्युरिटीकडून अ‍ॅडमिनकडे आणि अ‍ॅडमिनकडून बिल्डिंग मॅनेजमेंटकडे फिरत राहते. आणि नेमलेल्या माणसाने तक्रारीवर काही केलंच नाही, तर तिथे जितके लोक ओढताना सापडतील तितक्या गुन्ह्यांइतका दंड मालकाला किंवा व्यवस्थापकाला लागू शकतो. दहा जण सापडले तर २०० चे २,००० होतात. शिवाय अशा जागी अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायला मनाई आहे. हॉटेलच्या गल्ल्यावर दोरीला बांधलेला लायटर हासुद्धा नियमभंगच.

आता आयटी पार्क. बंदिस्त 'स्मोकिंग झोन' ठेवायची मुभा फक्त तिघांना आहे: ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट, आणि विमानतळ. ऑफिस या यादीत नाही. त्यामुळे महापे किंवा ऐरोलीच्या इमारतीत मजल्यावर काचेची खोली करून 'स्मोकिंग रूम' अशी पाटी लावली, तरी ती कायदेशीर होत नाही. पार्किंगचा पोडियम, बेसमेंटचा रॅम्प, फायर एस्केपचा जिना हे सगळं इमारतीतच मोजायचं.

रेस्टॉरंटला मुभा आहे, पण अटी कडक आहेत. खोलीला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारं हवं, एरवी ते बंदच असायला हवं. आतली हवा थेट बाहेर फेकली गेली पाहिजे, आणि खोलीत दाब बाहेरपेक्षा कमी राहिला पाहिजे. खोली येण्या-जाण्याच्या दाराशी नको. २०१७ पासून तिथे काहीही सर्व्ह करता येत नाही, चहासुद्धा नाही.

चुकतं कुठे तेही सांगतो. काचेचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबतं आणि वरून धूर आरामात पलीकडे जातो. किंवा दोन्ही खोल्यांना एकच डक्टेबल एसी, म्हणजे पाइपांतून हवा खेळवणारा एसी असतो. त्याची रिटर्न जाळी धूर ओढून घेते आणि थंड करून फॅमिली सेक्शनमध्ये सोडते. तपासायला यंत्र लागत नाही. दार बोटभर उघडं ठेवा आणि फटीपाशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर स्मोकिंग रूमच्या आत खेचला गेला तर दाब बरोबर आहे. बाहेर, टेबलांच्या दिशेने वळला तर ती खोली फक्त नावाला आहे. आणि खोली अगदी नियमानुसार असली तरी आत जाऊन साफसफाई करणाऱ्या कामगाराला धूर घ्यावाच लागतो. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने २००६ मध्येच नोंदवलं आहे.

दंड कोण करू शकतं? फक्त पोलीस, हा गैरसमज आहे. पोलिसांत उपनिरीक्षक आणि वरचे अधिकारी. त्याशिवाय स्टेशन मास्तर, शाळा-कॉलेजचे मुख्याध्यापक आणि शिक्षक, सरकारी हॉस्पिटलचे अधीक्षक, राजपत्रित अधिकारी, आणि खासगी कंपनीचा एचआर किंवा प्रशासन प्रमुखसुद्धा. म्हणजे ऑफिसच्या जिन्यात धूर असेल तर पहिला मेल एचआरला. नियमाने अधिकार दिलेला असल्याने "हे आमचं काम नाही" असं उत्तर त्यांना देता येत नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर, नाहीतर रेल्वेची हेल्पलाइन १३९. धावत्या गाडीसाठी रेल्वे कायद्याचं वेगळं कलम १६७ आहे, त्याचा दंड १०० रुपयांपर्यंत.

आता टपरी. इथे कायदा ओढणाऱ्याकडे बघत नाही, विकणाऱ्याकडे बघतो.

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. मोजायचं कुठून? गेटपासून नाही. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, सगळ्या दिशांना. रस्ता वळसा घालून १५० मीटर होत असेल तरी त्याचा काही उपयोग नाही. मोबाइलच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते. एक टोक कुंपणाच्या भिंतीवर ठेवा, दुसरं टपरीवर. नवी मुंबईत सेक्टरच्या आतच शाळा आणि तिला लागून दुकानांची रांग, अशी रचना जागोजागी आहे. तिथे मोजून बघा, मागच्या भिंतीकडून बऱ्याच टपऱ्या आत येतील.

१८ वर्षांखालच्या मुलाला विकणं हा गुन्हा आहे. ग्राहक सज्ञान आहे याची खात्री करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. "बाबांसाठी नेतोय" ही सबब चालत नाही. कोटपात याचा दंडही २०० रुपयेच आहे, आणि सगळे तिथेच थांबतात. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ बघा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. शाळेने किंवा पालक संघाने तक्रार देताना कोटपासोबत हे कलम लिहिलं, तर पोलीस ठाण्यात तिचं वजन एकदम बदलतं.

सुट्टी सिगारेट. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट आणि विड्यांची विक्री बंद केली. कारण साधं आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र-इशाऱ्याने व्यापलेला असतो, सोडण्यासाठीचा हेल्पलाइन नंबरही त्यावरच असतो. सुट्टी घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आणि अकरावीतल्या मुलाला पाकीट परवडत नाही, एक सिगारेट परवडते. सुरुवात तिथून होते. म्हणून आमच्या मते २०० रुपयांच्या दंडापेक्षा ही बंदी कितीतरी महत्त्वाची आहे. ती नीट राबवली जात नाही याची आम्हाला खरोखर चीड येते.

ई-सिगारेट, व्हेप: २०१९ पासून देशभर उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळं बंद. विकताना पहिल्यांदा सापडलं तर १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ च्या दुरुस्तीने बंदी आली, शिक्षा १ ते ३ वर्षं.

धुराबद्दल इतकं बोललो, पण आपल्या राज्याचं मोठं दुखणं वेगळंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती अन्न सुरक्षा कायद्याखाली दरवर्षी नव्याने काढावी लागते. विक्रेत्यांनी त्यातून वाट काढली: पानमसाला एका पुडीत, सुगंधी तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. अशी विक्री दिसली तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८०० २२२ ३६५.

आता सोसायटी. सगळ्यात जास्त भांडणं इथली.

फ्लॅटच्या आत कोटपा येत नाही. बाल्कनीतही नाही. जिना, लिफ्ट, लॉबीचं काय? नियमांच्या यादीत गृहनिर्माण सोसायटीचं नाव घेऊन उल्लेख नाही, त्यामुळे वाद घालणारा घालतोच. वादात पडण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत ठराव करा. वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, विषयपत्रिकेत विषय स्पष्ट लिहा. ठरावात जागा नावानिशी हव्यात: जिना, प्रत्येक मजल्याची लॉबी, लिफ्ट, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा), पोडियम, गच्ची, क्लब हाउस. फक्त 'कॉमन एरिया' लिहिलं की रेफ्यूज एरियावरून वाद सुरू होतो. मॉडेल उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, आणि त्यानंतर सभेने ठरवलेला दंड, आर्थिक वर्षात कमाल ५,००० रुपये. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींत हे कलम आहे का ते आधी बघून घ्या. फायर जिन्याचं दार विटेने अडवून तिथे सिगारेट ओढली जात असेल तर ते ठरावात वेगळं लिहा. आग लागली की त्याच उघड्या दारातून धूर जिन्यात भरतो.

खालच्या शेजाऱ्याच्या बाथरूममधून तुमच्या घरात वास येतो, त्याचं काय? इथे कायद्याआधी हवेचं गणित बघा. टॉवरमध्ये बाथरूमचे पंखे एकाच उभ्या डक्टमध्ये उघडतात. तुम्ही खिडक्या लावून किचनची चिमणी चालू केली की घरातली हवा बाहेर जाते, आणि ती भरून काढायला डक्टमधली हवा बाथरूमच्या पंख्यातून उलटी आत येते, धुरासकट. त्यामुळे चिमणी चालू असताना किचनची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बाथरूमला मागे आपोआप मिटणारी झडप असलेला पंखा बसवा आणि त्याच्या चौकटीभोवतीची फट सिलिकॉनने भरा. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाटीतलं वास अडवणारं पाणी सुकलं तर तिथूनही वास येतो. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओता. एवढं करूनही त्रास राहिला तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीत वास येतो ते लिहा. वरून जळती थोटकं पडत असतील तर मात्र थेट पोलीस ठाणं. आगीबाबतचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली येतो.

आणि तुम्ही स्वतः ओढत असाल, सोडायचा विचार असेल, तर पाकिटावरचा नंबर खरा आहे: १८०० ११ २३५६, मोफत. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा डॉक्टरांच्या सल्ल्याने. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते अशांना बहुधा ४ चाच लागतो, २ वर भागत नाही आणि "गमचा उपयोग होत नाही" म्हणून ते सोडून देतात. गम नेहमीच्या च्युइंगगमसारखा चावायचा नाही. झणझणीत लागेपर्यंत हळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी नको, कारण तोंडात आम्लता वाढली की निकोटिन शोषलं जात नाही. पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात, म्हणून सुरुवात शुक्रवारी करा.

सोसायटीच्या ठरावाचा आणि शाळेच्या तक्रारीचा नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकला आहे. फलकाची मापंही तिथेच आहेत.