आर्नोच्या काठी कोल्हापूरचे महाराज

फ्लॉरेन्सच्या कुठल्याही गल्लीतून चालत राहा, एखाद्या वळणावर तो लाल घुमट एकदम समोर उभा राहतो.

हा घुमट शहराच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा. त्याचं काम १२९६ साली सुरू झालं. पण एवढ्या रुंद पोकळीवर घुमट चढवायचा कसा, हे शंभर वर्षं उलटली तरी कुणाला सुटलं नव्हतं. खालून लाकडी आधार द्यायचा, तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं तो आधारच गाळून टाकला. त्यानं एकात एक असे दोन घुमट बांधले. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा गुंफल्या, म्हणून चुना ओला असतानाही थर घसरले नाहीत. १४२० ते १४३६, सोळा वर्षांचं हे काम. दोन्ही घुमटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं ४६३ पायऱ्या चढून आजही वर जाता येतं. दम लागतो, पण चढाच. आत झुकत जाणाऱ्या त्या भिंतीला हात लागला की ब्रुनेलेस्कीची हिंमत कळते.

वरून आर्नो नदी दिसते, आणि १३४५ सालचा पोन्ते वेक्किओ, सोनारांच्या दुकानांनी भरलेला पूल.

आपण मात्र नदीकाठानं पश्चिमेला जाऊ. कास्चीने उद्यान संपतं, तिथे मुन्योने ही लहानशी नदी आर्नोला मिळते. संगमाजवळ एक छत्री आहे, आणि छत्रीखाली पगडी घातलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

इंग्लंडहून परतताना, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, त्यांना याच शहरात मरण आलं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. अग्निसंस्काराची प्रथा इथे नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. घरापासून हजारो मैलांवर सोबतच्या मंडळींनी आपल्या तरुण राजाला रीतीप्रमाणे निरोप दिला.

१८७४ साली हे स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांनीच आखला. शेजारचा मोठा पूलही महाराजांच्याच आठवणीनं ओळखला जातो: पोन्ते आल्इंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल.

पहिल्या भेटीत उफ्फीझी हे कलादालन पाहा, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाहा. पण मराठी माणसानं एक दुपार कास्चीनेसाठी राखून ठेवावीच. वाट चुकायची भीती नाही, मुन्योनेचा संगम येईपर्यंत काठ सोडायचा नाही, एवढंच.