रन म्हणजे फक्त धावणं नाही हो!

नमस्कार मंडळी! आजचा शब्द आहे रन. आता तुम्ही म्हणाल यात काय शिकवायचं, रन म्हणजे धावणे, पहिलीतल्या पोरालाही येतं. तेच तर! पहिलीत ते जे डोक्यात बसतं ते कॉलेज संपलं तरी हलत नाही.

माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला एक ताई येतात, त्यांचं ब्लाऊज, फॉल-पिकोचं दुकान आहे. परवा म्हटलं, ताई तुम्ही काय करता ते इंग्रजीत सांगा बरं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आय ड्राइव्ह अ शॉप." आता बघा, मी दुकान चालवते, चालवणे म्हणजे ड्राइव्ह, त्यांचा विचार अगदी सरळ होता. फक्त इंग्रजीत गाडी ड्राइव्ह करतात आणि दुकान रन करतात. आय रन अ शॉप. त्या म्हणाल्या, "अहो पण मी तर दिवसभर मशीनवर बसलेली असते, धावते कुठे?"

हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आजचा व्हिडिओ.

तर पहिली गोष्ट, जी मला वाटतं शाळेतच सांगायला हवी होती. इंग्रजीत जिथे रन येतो तिथे मराठीत कितीतरी वेळा धावणे नाही, चालणे येतं. मशीन चालतं, द मशीन रन्स. घर चालवणं, संस्था चालवणं, क्लास चालवणं, सगळीकडे रन. नाटक दोन वर्षं चाललं, द प्ले रॅन फॉर टू यर्स. म्हणजे तुमच्या तोंडात चालणे, चालवणे आलं आणि तिथे कोणी खरोखर पायी चालत नसेल, तर आधी रन बसतो का ते बघायचं. दरवेळी बसेल असं नाही, पण खूप वेळा बसतो.

आणि हा शब्द आहे केवढा माहितीये? ऑक्सफर्डची जी मोठी इंग्लिश डिक्शनरी आहे, 1989 ची 20 खंडांची आवृत्ती, त्यात सगळ्यात लांब नोंद होती सेट या शब्दाची, क्रियापदाचेच 430 अर्थ. पुढे ऑनलाइन आवृत्तीसाठी एकेक शब्द नव्याने तपासताना रनची पाळी आली, पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर जवळजवळ नऊ महिने बसले होते आणि 2011 मध्ये आकडा आला 645. तोही फक्त क्रियापदाचा, नाम वेगळंच! घाबरू नका, 645 कोणालाच पाठ नसतात, इंग्रजांनाही नसतात.

आता दुसरी गोष्ट, इथे मला जरा थांबायचंय. रन हा शब्द जुन्या इंग्रजीत धावणे आणि वाहणे अशा दोन्ही अर्थांनी होता. त्याचाच भाऊ जर्मनमध्ये आहे, रिनेन, म्हणजे वाहणे, ओघळणे. हे एकदा कळलं ना की अर्धी कोडी आपोआप सुटतात. नदी रन होते, नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं, हे सगळं वाहणंच आहे. अर्धकच्चं अंडं, ज्याचा बलक ओघळतो, ते रनी. ताईंच्या दुकानात बायका रोज विचारतात, "याचा रंग जाईल का हो?" ते इंग्रजीत काय? "विल द कलर रन?" ताईंनी लगेच वहीत लिहून घेतलं कारण हे त्यांच्या रोजच्या कामाचं वाक्य.

मग लोकांची रीघ लागते तोही रनच. बँक रन म्हणजे बँक बुडणार असं वाटून सगळे एकदम पैसे काढायला जातात ते. 9 मार्च 2023 ला अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला लोकांनी अर्ज टाकले, बरेचसे घरी बसून, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. कोणी धावलं नाही, पैसा वाहून गेला.

निवडणुकीचं तर मस्तच आहे. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये मात्र स्टँड म्हणतात, आणि आपणही म्हणतो, निवडणुकीला उभा राहिलाय. इथे आपलं ब्रिटिशांशी जुळतं.

छोटे शब्द जोडले की काय होतं ते पटकन सांगते. रन आउट ऑफ मिल्क, दूध संपलं. रन इनटू समवन, कोणीतरी अचानक भेटलं. ऑन द रन, फरार. आणि ऑफिसवाल्यांनी हे लक्षात ठेवा, रन इट बाय मी म्हणजे पाठवायच्या आधी एकदा माझ्या कानावर घाल, मला दाखव. यात घाई कर असं काही नाहीये.

बरं, मराठीने रनचं भाषांतर धाव असं केलंच नाही का? केलं की, आणि किती सुंदर केलं! क्रिकेटमधली धाव, धावफलक, धावतं समालोचन. रन आउटला धावचीत, त्यातला चीत आपल्या कुस्तीच्या आखाड्यातला. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, धावदोरा. रनिंग स्टिच. माझी आजी गोधडी शिवायची तेव्हा सुईवर चार-पाच टाके एकदम घ्यायची, खाली वर खाली वर, मग दोरा सर्रकन ओढायची, जुन्या लुगड्याच्या कडेने ती टाक्यांची ओळ खरंच धावत गेल्यासारखी दिसायची. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे मला रन आधीपासून येतच होता की!"

आणि रनिंग फूट? सुतार, फॅब्रिकेशनवाले सगळे म्हणतात, इतके रुपये रनिंग फूट. तिथे रुंदी धरत नाहीत, वस्तू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग किती लांब गेली तेवढंच मोजतात. दहा फुटांची ग्रिल असेल तर दहा रनिंग फूट, मग उंची त्या दरातच आली, ती वेगळी लावत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी कोटेशन आलं की आधी विचारा, दर रनिंग फुटाचा आहे की स्क्वेअर फुटाचा, कारण चार फूट उंच ग्रिलला तेच दहा फूट चाळीस स्क्वेअर फूट होतात.